लाल ठिपक्याची वाटी

दहा वर्षांची असताना मी सहा महिने रोज सकाळी एका स्टीलच्या वाटीत लघवी केली. हॉस्टेलमध्ये हे सांगितलं की मुली आधी ईऽऽ करतात, नाक दाबतात, आणि दुसऱ्याच मिनिटाला खाटेवर सरकत सरकत जवळ येतात. मंग? मंग काय झालं? पूर्ण ऐकल्याशिवाय सोडतच नाहीत. म्हणून म्हटलं, दरवेळी तोंड दुखवण्यापेक्षा एकदाचं टाइप करूनच टाकावं. फास्ट टाइप करून राहिली आहे, चुका असतील तर समजून घ्या.

तर आमचं घर सौंदडला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. बाबा राइस मिलमध्ये होते, उकड्याच्या हौदावर. उकडा म्हणजे धान आधी उकडायचं, वाळवायचं, मग भरडायचं. किती वेळ वाफ द्यायची, हे बाबा एक दाणा दातानं फोडून सांगायचे. मिलमध्ये त्यांच्या दातावर सगळ्यांचा भरोसा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

हिवाळा होता. माझा घसा धरला, ताप आला, चार दिवसांत उतरला, मी शाळेत गेली. आठवड्याभरानं मोजे काढले तर घोट्यांभोवती लाल ठिपके! आईला वाटलं मी लाखोरीच्या शेंगा तोडायला बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गेली होती तिथं काही चावलं. तिनं खोबरेल तेल लावलं. दुसऱ्या दिवशी ठिपके पिंढऱ्यांवर, तिसऱ्या दिवशी मांड्यांवर आणि, आता सांगायलाच बसली तर, बुडावरही. हात फिरवला की बोटांना उंच लागायचे. गंमत म्हणजे खाज नाही, दुखणं नाही. मी तर मैत्रिणींना पाय दाखवत फिरून राहिली होती.

मग घोटे सुजले. उंबरा चढता येईना. आणि पोटात अशी कळ आली की मी वर्गातच बेंचखाली आडवी झाली. तेव्हा बाबांनी मला सायकलवर बसवून स्टेशनवर आणलं आणि पॅसेंजरनं गोंदियाला नेलं.

गोंदियाचे मुलांचे डॉक्टर हिंदी बोलायचे, मधेमधे मराठी घालायचे. त्यांनी टेबलावरचा काचेचा ग्लास माझ्या पायावर दाबला आणि काचेतून पाहिलं. ठिपके तसेच लाल. दाबल्यावर फिके पडले असते तर वेगळी गोष्ट, म्हणाले. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, एचएसपी. त्याचं पूर्ण नाव इतकं लांब की बाबांनी विचारलं, "साहेब, हे एकाच बिमारीचं नाव आहे की दोन-तीन झाल्या पोरीले?"

डॉक्टर हसले. म्हणाले, एकच. शरीर घशाच्या जंतूंशी भांडायला उठलं आणि भांडता भांडता स्वतःच्याच रक्ताच्या बारीक नळ्यांवर तुटून पडलं. नळ्यांना सूज आली, रक्त थोडं थोडं बाहेर झिरपलं, तेच हे ठिपके.

बाबा विचार करून म्हणाले, "म्हनजे पाट फुगून फुटला अन् पानी बांधीत झिरपलं."

"एकदम सही। आणि पाट दुरुस्त होतो अपने आप. चमडी, घोटे, पेट, ये सब ठीक हो जाएगा। मेरी नज़र किडनी पर है।" किडनीत म्हणे अशा बारीक नळ्यांचे गुच्छेच्या गुच्छे असतात. त्यांना सूज आली तर लघवीतून रक्त जातं, प्रोटीन जातं. ठिपके दिसतात, किडनी दिसत नाही. म्हणून लघवी तपासत राहायची. सहा महिने.

"सहा महिने?" आई म्हणाली. "दिसायला तं ठीकच दिसून राहिली."

"दिखेगी ही ठीक। इसीलिए तो बोल रहा हूँ।"

आणि तसंच झालं. ठिपके तपकिरी होऊन गेले, मी पुन्हा उड्या मारायला लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी माझी लघवी कोऱ्या चहासारखी आली. मी आईला हाक मारून दाखवली. मला तर भारीच वाटली होती. आई चुलीवरची पोळी तशीच जळू देऊन आत गेली आणि चप्पल घालून बाहेर आली.

गोंदियाला तपासलं तर रक्तही होतं आणि प्रोटीनही. किडनीला लागलंच होतं. फार नाही, पण लागलं होतं. डॉक्टरांनी काही आठवड्यांच्या गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, छोट्या पट्ट्यानं माझं बीपी मोजलं. आणि बाबांना एक काचेची नळी देऊन घरी करायची टेस्ट शिकवली. सकाळची पहिली लघवी नळीत घ्यायची, वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा, व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकायचे. साफ राहिली तर ठीक. पांढरं झालं, तर प्रोटीन. जितकं दाट, तितकं जास्त.

"कम होते होते निकल जाएगा," डॉक्टर म्हणाले. "पण एकदा साफ झाल्यावर परत पांढरं आलं, तर लगेच या. मग नागपूरला जावं लागेल. तिथं सुईनं किडनीचा छोटासा तुकडा काढून पाहतात."

तुकडा! घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच. आई भाजीसाठी बटाट्याचे तुकडे करायची ना, मला तसेच दिसून राहिले होते.

आता वाटी. आईनं घरातली एक वाटी त्या कामाला वेगळी काढली. चूक होऊ नये म्हणून तिच्या बुडाला नखपॉलिशचा लाल ठिपका लावला. रोज राखेनं घासायची, उकळत्या पाण्यानं धुवायची आणि न्हाणीमागच्या भिंतीवर एका खिळ्याला तारेनं अडकवून ठेवायची. आमच्या घरातलं सगळ्यात स्वच्छ भांडं तेच होतं, खरं सांगते.

आणि बाबा! मिलमध्ये जायच्या आधी ते अंगणात पाटावर बसायचे, दिवा लावायचे, एक डोळा बारीक करून नळी फिरवायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक प्लस, दोन प्लस, असं लिहा. बाबांनी प्लस-बिस काही लिहिलं नाही. त्यांनी स्वतःचं माप काढलं. अगदी हलकं गढूळ असलं तर 'धुवन', म्हणजे तांदूळ धुतलेलं पाणी. त्याहून दाट असलं तर 'पेज'. आणि गुठळ्या दिसल्या तर 'दही'. मिलच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत पेन्सिलनं लिहायचे. पहिल्या आठवड्यात दोनदा दही होतं, बाकी पेज. शेजारच्या काकू एकदा मीठ मागायला आल्या, कॅलेंडर वाचत उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "काऊन वो, पोरीले रोज पेजच देता? एखांद्या दिवशी वरनभात देत जा!"

डॉक्टरांनी मात्र कॅलेंडर पाहून बाबांचं माप लगेच उचललं. दर महिन्याला आम्ही कॅलेंडरची गुंडाळी घेऊन जायचो, आणि ते कंपाउंडरला ओरडून सांगायचे, "इसका पेज से धुवन हो गया, देखो!"

गोळ्यांनी माझे गाल फुगले. शाळेत मला लाडू म्हणायचे. मीठ कमी, लोणचं बंद, पापड बंद. पण मला सांगायलाच पाहिजे, मला त्या सकाळी आवडायच्या. बाबा एरवी कमी बोलायचे. दिव्यापाशी मात्र मला शेजारी बसवून म्हणायचे, "सांग, काय वाटते?" मी म्हणायची, "धुवन." ते म्हणायचे, "धुवनच, पन दुसऱ्या पान्याचं." म्हणजे पहिलं धुणं नाही, दुसरं. आणि फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी नळी तापली, थेंब पडले, आणि काहीच झालं नाही. बाबांनी नळी उन्हाकडे धरली, पलीकडची बोरीची फांदी सरळ दिसली. त्यांनी पेन्सिल ठेवून पेन आणला आणि कॅलेंडरवर 'साफ' लिहिलं.

मार्च साफ. एप्रिल साफ. लॅबमध्ये रक्तही दिसेना झालं. गोळ्या आधीच संपल्या होत्या, गाल उतरले. जूनमध्ये सहा महिने पुरे होणार होते. आणि मधे आली बुद्ध पौर्णिमा.

पौर्णिमेला आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, दवनीवाड्याची. आवाज असा की ती बसस्टँडवर बोलली की आमच्या घरी चहा टाकायचा. तिला घरात एक वस्तू वाकडी चालत नाही आणि एक माणूस रिकामं चालत नाही. माझ्या बिमारीबद्दल तिचं ठाम मत होतं की आई मला लाडावते.

"पोरगी टनाटना उड्या मारून राहिली," आल्या आल्या ती आईला म्हणाली, "अन् तुमी अजून तिचं मूत उकळून राहिले! कायले वो?"

"डॉक्टरनं सांगितलं बाई, सहा महिने," आई म्हणाली.

"डॉक्टरले काय जाते सांगाले!"

संध्याकाळी विहारात वंदना झाली आणि खीर आमच्याकडून होती. मोठं गंज, म्हणजे पातेलं, भरून. विहारात वाटून झाल्यावर उरलेली खीर घेऊन अर्धी वस्ती आमच्या अंगणात बसली. आत्या वाढत होती. मी तीन वाट्या खाल्ल्या. आई म्हणाली बस्स कर, आत्या म्हणाली खाऊ दे वो. सगळे जोरजोरात बोलून राहिले होते, मला झोप येऊन राहिली होती, बस, तेवढंच आठवते.

सकाळी मी डोळे चोळत न्हाणीमागे गेली, वाटी काढली, काम केलं, बाबांना दिली. बाबांनी नळीत ओतलं आणि तिथंच त्यांचा हात थांबला. न तापवताच गढूळ होतं. त्यांनी दिवा लावला. तापवलं. व्हिनेगरचा पहिला थेंब पडला आणि नळीत पांढऱ्या गुठळ्या खाली बसायला लागल्या.

मला त्यांनी "काय वाटते" विचारलं नाही. मला दिसतच होतं. दही.

बाबांनी पेन्सिल घेतली, कॅलेंडरपर्यंत गेले आणि न लिहिताच परत आले. उरलेली लघवी त्यांनी औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरली, झाकण घट्ट केलं, म्हणाले, "चला. सकाळची गाडी भेटते." आई वेणी घालता घालताच निघाली. आणि आत्या, तिला कोणी ये म्हटलं नव्हतं, पिशवी घेऊन सगळ्यांच्या पुढे.

गाडीत मी खिडकीशी बसली होती. पोटावर हात ठेवून. किडनी नेमकी कुठं असते मला माहीत नव्हतं, म्हणून सगळीकडे ठेवून पाहिला. तीन वाट्या खीर. मीच खाल्ल्या. नागपूर, सुई, तुकडा. मी मनात म्हटलं, आता खीर कधीच नाही, आयुष्यात नाही, फक्त हे एवढं साफ होऊ दे.

समोर आत्या आईला म्हणत होती, "तुमी तिले तीन वाट्या देल्याच कायच्या? गोड झालं ना ते!"

"तुमीच म्हनलं बाई, खाऊ दे."

"मी म्हनलं तं म्हनलं. तू माय आहेस ना तिची?"

आई बाहेर पाहायला लागली. बाबा बाटली दोन्ही हातांत धरून बसले होते, जणू हलली तर आणखी घट्ट होईल.

डॉक्टरांनी आम्हाला पाहिलं आणि कॅलेंडर नाही हेही पाहिलं. "क्या हुआ?"

"दही," बाबा म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी माझे पाय पाहिले, डोळ्यांखाली दाबून पाहिलं, बीपी घेतलं. बीपी ठीक. सूज नाही. मला प्लास्टिकची नवी डबी देऊन पाठवलं. मी ताजी लघवी आणली, कंपाउंडरनं त्यात तपासायची पट्टी बुडवली, पट्ट्यांच्या डबीवरच्या रंगांशी लावून पाहिली. पुन्हा दुसरी पट्टी बुडवली.

"सर, निल है।"

"निल?"

"दोनों बार।"

निल म्हणजे काहीच नाही, साफ. बाबांना आनंद व्हायला पाहिजे होता ना? त्यांना राग आला! "साहेब, तुमची पट्टी खराब असन. माझा हात चुकत नाही. पाच महिने झाले. मी सोता पाह्यलं, गुठळ्या होत्या."

"आपका हाथ नहीं चूकता, मालूम है मुझे," डॉक्टर म्हणाले. "वो बोतल दिखाओ।"

बाबांनी बाटली दिली. डॉक्टरांनी उजेडात धरली. खरंच गढूळ. त्यांनी झाकण उघडलं, थोडं दुरून नाकाशी नेलं, मग जरा जवळून. मग कंपाउंडरला म्हणाले, "सूँघ तो।"

कंपाउंडरनं तोंड वाकडं केलं, पण हुंगलं. आणि म्हणाला, "सर... इलायची?"

डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले, "बेटा, मेरी तीस साल की प्रैक्टिस में किसी बच्चे की सू-सू से इलायची की खुशबू नहीं आई। कशात घेतली होती?"

"वाटीत."

"रोजवाली?"

"रोजवालीच. न्हाणीमागं असते ती. लाल ठिपक्याची."

तेव्हा आत्या हळूच बोलली. आत्या हळू बोलली हेच मी पहिल्यांदा ऐकलं. "कोनती वो? ती तारेनं टांगली होती ती?"

आईनं मान वळवली. "हो. काऊन बाई?"

"काही नाही. काल वाट्या कमी पडल्या. मी म्हनलं, एवढी चकचकीत वाटी अशी मागं कायले टांगून ठेवली... मंग नंतर अंधारात नुसती खंगाळून जागच्या जागी टांगून देली ना मी. माह्याकडून वस्तू इकडची तिकडं होत नाही."

"बाई," आई म्हणाली, "त्या वाटीत खीर कोनाले देली?"

आत्यानं पदर तोंडाला लावला.

"बाई, कोनाले देली?"

"दुसऱ्या कोनाले कायले देईन? सगळ्यात चमकदार होती," आत्या म्हणाली, "मी मलेच घेतली."

आधी कंपाउंडर फुटला. तो सरळ खोलीबाहेर पळाला, बाहेरून त्याचं हसू ऐकू येऊन राहिलं होतं. मग डॉक्टर. मग आई, जी गाडीत डोळे पुसत होती ती भिंतीला हात लावून वाकून वाकून हसली, पाच महिन्यांचं सगळं एकदम हसली. बाबा मात्र आधी एकच म्हणाले, "म्हनजे त्या गुठळ्या दुधाच्या होत्या. दूधच फाटलं ते." आणि आपला हात चुकला नव्हता हे पक्कं झाल्यावरच हसले.

आत्या एकदा बाहेर जाऊन चूळ भरून आली, दोनदा गेली, तिसऱ्यांदा परत आली तेव्हा सावरली होती. "धुतलेली होती ना पन?"

"राखेनं, बाई. मंग उकळत्या पान्यानं. रोज," आई म्हणाली.

"मंग झालं तं! घरातल्या बाकी वाट्याईपेक्षा साफ होती. तुमच्या बाकीच्या वाट्या मी पाह्यल्या आहेत."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, निल. बाबांसाठी खाली आणखी एक शब्द लिहिला, त्यांच्या वाकड्या मराठीत: साफ. परतताना आत्यानं स्टेशनबाहेर मला केळी घेऊन दिली आणि गाडीत आईच्या शेजारी बसली. गाडी सुटल्यावर म्हणाली, "वहिनी, मी त्या वक्ती जास्त बोलली." आई म्हणाली, "बोला बाई, पन वाटी विचारून घेत जा." एवढंच. दोघी पुन्हा हसायला लागल्या. खीर सोडायचा माझा निश्चय हिरडामाली स्टेशनच्या पुढे टिकला नाही.

जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, सहा महिने पुरे झाले. आम्ही कॅलेंडरची गुंडाळी घेऊन गेलो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत बाबांनी नंतर 'खीर' लिहिलं होतं, डॉक्टरांनी ते कंपाउंडरला बोलावून दाखवलं. लॅबचा कागद साफ. बीपी ठीक. म्हणाले, आता रोजचं बंद. मधूनमधून इथं दाखवा, आणि ही मोठी होऊन बाळंतपणाची वेळ येईल तेव्हा तिथल्या डॉक्टरला हे सांगायला विसरू नका. मी लाजली. आई नाही लाजली, तिनं दोनदा विचारून पाठ करून घेतलं.

बाबा उठेनात. "मंग साहेब, उद्या सकाळी?"

"उद्या सकाळी काय?"

"म्हनजे... उद्या सकाळी मी काय करू?"

"सो जाइए," डॉक्टर म्हणाले. "दोनों बाप-बेटी सो जाइए।"

दुसऱ्या दिवशी मला सवयीनं त्याच वेळेला जाग आली. मी न्हाणीमागे गेली. खिळ्याला वाटी होती, घासलेली. मी तिच्याकडे पाहिलं, हात लावला नाही, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा सगळ्या लोकांसारखी मोकळी बसली. इतकं हलकं वाटलं, काय सांगू! धावत अंगणात आली. बाबा पाटावर बसलेले. दिवा समोर. पेटवलेला.

"बाबा, मी तशीच करून आली!"

बाबांनी दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काऊन वो," ते म्हणाले, "आजच्या दिवस तं पाहू द्यायचं होतं मले!"